सॅकबाहेर बांधलेली चटई

मी एक चटई बोलतेय. पाहुण्यांना बसायला अंथरतात ती नव्हे. डोंगर भटकणारे सॅकच्या बाहेर बांधतात ना, ती निळी, फोमची गुंडाळी. खरं तर आता मला चटई म्हणणं जरा जास्तच होईल. माझा जेमतेम बसण्यापुरता तुकडा उरलाय. पण दुकानातून निघाले तेव्हा चांगली माणूसभर लांब होते, आणि मला विकत घेणारी पोरगी मला छातीशी धरून पेणच्या एसटी स्टँडपर्यंत मिरवत आली होती.

तिचं नाव किमया. हमरापूरला तिच्या वडिलांचा, सखाचा, गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब शेड. सखा मूर्तींचे डोळे आखायचा. त्या आखणीसाठी गिऱ्हाइकं लांबून यायची. सखाचा गणपती आपल्याकडेच बघतो, असं म्हणायची. किमया हे काम त्याच्याकडूनच शिकली.

तिची मैत्रीण मृणाली रोह्याची. दोघींनी ठरवलं होतं, विसर्जन झालं की निघायचं, हिमालयाच्या पायथ्याने गावोगाव हिंडायचं आणि होळीला परत यायचं. रंगकामाची खरी घाई होळीनंतर लागते, त्यामुळे मधले महिने किमयाचे स्वतःचे.

सॅक भरताना मी तिथेच होते. मृणाली आधी एकदा हिंडून आलेली, त्यामुळे तिचा रुबाब मोठा. कपडे तीनच जोड. मोजे मात्र भरपूर, कारण ओल्या मोज्यांनी पाय सोलतात. जड सामान पाठीलगत, औषधं वरच्या कप्प्यात, प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत. कपडे वाळत घालायला दोरी, सुईदोरा, टॉर्च. वजन नको म्हणून साबणाची वडीसुद्धा अर्धी कापली, तेव्हा किमयाच्या आईला, इंदुबाईंना राहवेना. त्या पोह्याच्या पापडांचं पुडकं घेऊन आल्या.

"डोंगरात काय खाशील गो? हे तरी ने."

"काकू, भुगा होईल त्यांचा," मृणाली म्हणाली. "आणि तळणार कशात?"

"मग बारकी कढई न्या ना!"

कढई राहिली. पापड मात्र किमयाने मोज्यांच्या मध्ये गुपचूप सरकवले. मला सगळ्यात शेवटी, बाहेरून बांधलं. आत न मावलेली मी एकटीच, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. बाहेर असले की सगळं आधी मलाच दिसणार होतं!

गणपती घराघरांत बसले, शेड रिकामी झाली, तेव्हा दोघी सराव म्हणून भरलेल्या सॅक घेऊन रोह्याजवळच्या अवचितगडावर चढल्या. वर एका झाडाखाली मला अंथरलं. किमया आडवी झाली आणि पानांमधून आभाळ बघत राहिली.

"इथे कोणाचे डोळे आखायचे नाय," ती म्हणाली, आणि बघता बघता झोपली. माझ्यावर कुणी झोपलं ते तेवढंच.

पुढच्या वर्षी बोटीने परदेशी जायच्या मूर्ती मात्र विसर्जन होताच रंगवायला घ्याव्या लागतात. ते काम मी एकटा उरकतो, असं सखाने पोरीला सांगून टाकलं होतं. निघायच्या सकाळी किमया सॅक पाठीवर घेऊन त्याच्या पाया पडायला शेडमध्ये गेली. मूर्ती ओळीने भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. रंगवलेली मूर्ती कुणी अशी फिरवून ठेवत नाही. किमयाने एक वळवली. उजवा डोळा सुरेख होता, डावा खाली घसरलेला. दुसरी वळवली. तीही तशीच.

"हात जरासा हलतो, बाकी काय नाय," सखा म्हणाला. "तू निघ. गाडी जाईल."

"कधीपासून, बाबा?"

"व्हईल बरा. जा ना गो!"

तो मनापासून जा म्हणत होता. मी तिच्या पाठीवर होते, म्हणून खात्रीने सांगते. किमयाने सॅक उतरवली, मूर्तीसमोर बसली, ओल्या फडक्याने डावा डोळा पुसला आणि सखाच्या हातातला ब्रश घेतला. मृणाली रोह्याहूनच गाडीत बसून येत होती. तिचा फोन आला तेव्हा किमया एवढंच म्हणाली, "तू हो पुढे."

पुढे हो म्हणजे आम्ही मागून येतो, असं मी वेडी समजले. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, पण सखाचा हात थांबला नाही. सॅक खुंटीला लागली. पापड घरातच तळले. मोजे सखाच्या पायात गेले, टॉर्च शेडमध्ये, दोरी टेम्पोला. एकदा मूर्ती भरताना गणपतीच्या कोपराखाली घालायला मऊ काही सापडेना. किमयाने मला सोडलं. कटर हातात घेऊन ती जरा वेळ नुसतीच उभी राहिली, मग तिने कापलं.

पुढच्या खेपांना ती तेवढीही थांबली नाही. माझ्या पट्ट्या नागपूरला गेल्या, बोटीत बसून समुद्रापार गेल्या. परत एकही आली नाही.

पहिल्या वर्षी मृणाली डोंगरांचे फोटो पाठवायची. "तुझी जागा ठेवलीय," असं लिहायची. किमया ते आईला मोठ्याने वाचून दाखवायची. पुढच्या वर्षी मृणाली पुन्हा गेली, तेव्हा तिने विचारलं नाही. भांडण काही नव्हतं. नाही म्हणायचा त्रास किमयाला कशाला द्यायचा, असं तिला वाटलं असेल.

आता किमया माझ्या उरलेल्या तुकड्यावर बसून डोळे आखते. गिऱ्हाइकं म्हणतात, अगदी बापाचा हात आहे. ऐकून सखा उठून बाहेर जातो.

आज टेम्पो दारात उभा आहे. एका मूर्तीच्या कोपराखाली घालायला काही उरलेलं नाही. किमयाने मला खालून काढलं, तसा सखा धावला.

"तो तुकडा राहू दे गो."

"कशाला, बाबा?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच आठवत नसावं. सखा थरथरता हात खिशात घालून उभा राहिला आणि तिने कटर उघडला.

तेव्हा एकच विनंती करते. तुमच्या घरच्या गणपतीच्या कोपराखाली निळी पट्टी सापडली, तर लगेच कचऱ्यात टाकू नका. थोडा वेळ अंगणात, नाहीतर गच्चीवर, उघड्यावर ठेवा. आभाळाखाली अंथरायला आणलं होतं मला. किमयासाठीही काही मागितलं असतं, पण तिच्यासाठी काय मागायचं, ते आता मलाही कळत नाही.