गोदूआजीचे बावीस धवले

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि गेले सहा दिवस माझी वायर भिंतीतून काढून ठेवलेली आहे. कामतघरच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी माझी जागा आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण उद्या, शनिवारी, ठाण्याहून एक माणूस मला उघडायला येणार आहे. त्याआधी सांगून टाकलेली बरी.

२००१ साली भिवंडीतल्या एका दुकानात मला जोडलं. डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, आवाजाची पट्टी तिसऱ्याची. वाचनालयात आणल्यावर माझ्यापुढे नारळ फोडला. मला सांभाळायचे केसरीनाथ मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, भिडस्त गृहस्थ. शेंगदाण्याची पुडी सोडली तरी आधी तिचा कागद वाचायचे आणि मग दाणे खायचे. पुस्तकांची यादी माझ्यात भरायला त्यांना दोन वर्षं लागली, कारण प्रत्येक नाव ते तीनदा तपासायचे.

त्यांच्या शेजारी गोदूआजी राहायच्या. त्या धवलारीण होत्या. आगरी घरात लग्न लागतं तेव्हा प्रत्येक विधीला धवलारीण गाते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आजींना बावीस धवले येत. ते कागदावर कुठेच नव्हते आणि त्यांच्यामागे ते शिकणारं कुणी उरलं नव्हतं. मास्तरांच्या मनात आलं, ते माझ्यात साठवावेत. विचारायला मात्र त्यांना चार महिने लागले.

आजी म्हणाल्या, "लगीन न्हाय, नवरा न्हाय, मंग धवला कुनापुढं गाऊ रं केसरी? तुज्या पेटीपुढं?"

आजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि नातीला, क्षितिजाला, हाक मारली. "बाय, हलद आन. मुंडावल्या आन. ह्यालाच नवरा करू."

मित्रांनो, माझ्या पडद्याला खरोखर मुंडावळ्या बांधल्या. डब्याला हळद लावली. तो डाग अजून आहे. मग आजींनी एकच प्रश्न विचारला, "माजं गानं कुनाला इकनार तं न्हाय ना?" मास्तर म्हणाले, "नाही." आजी थांबल्या, त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मग गायला लागल्या. पुन्हा कधी त्यांनी काही विचारलं नाही.

पण गाणं साठवायचं कसं? वीज असली की चारी बाजूंनी कापडाचे लूम धडधडायचे आणि वीज गेली की मी बंद. यावर मास्तरांनीच तोड काढली. माझ्याजवळ बॅटरीचा एक डबा होता, वीज गेल्यावर तो मला बारा मिनिटं जागं ठेवायचा. लोडशेडिंग सुरू झालं, लूम थांबले की ते पडदा बंद करायचे आणि त्या बारा मिनिटांत आजी एक धवला गायच्या. बॅटरी टीं टीं करायला लागली की म्हणायच्या, "तुजा नवरा रडाय लागला रं." असा एकेक धवला, पूर्ण हिवाळाभर. तेव्हा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

पुढच्या वर्षी आजींना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. आता ते बावीस धवले फक्त माझ्याजवळ होते.

मग २००७ साल आलं आणि नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाजावाजा सुरू झाला. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती येत. वाचनालयात लोक बातम्या सोडून त्याच बघत बसायचे. मास्तरांचा पुतण्या मनोज कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. तो त्या सिस्टीमचं चकचकीत खोकं घेऊन आला. क्षितिजा तेव्हा कशेळीच्या एका गोदामात संगणकावर काम करायची. ती आणि मनोज माझ्यासमोरच भांडले.

"ही स्केलेबल हाय काका," मनोज म्हणाला. "दोन मशीन असू दे नायतर दोन हजार. वाढवाल तेवढी वाढते."

"वाढू दे की रे," क्षितिजा म्हणाली. "पण खाली उतरते का, ते सांग. कंटेनरचा ट्रक निजामपुऱ्याच्या अरुंद गल्लीत घालून बघ एकदा. या म्हाताऱ्यात एवढीशी मेमरी आहे."

"सेफ हाय गं. काय पन करायच्या आधी विचारते, करू का म्हणून."

"आमच्या गेटवरचा वॉचमनपण विचारायचा. ट्रकवाल्याला, साहेबाला, चहावाल्याला, सगळ्यांना. आठ दिवसांत सगळे न बघता सही ठोकून आत जायला लागले. नवव्या दिवशी आत कोण गेलं, ते त्यालाही माहीत नाही."

"तू ना, जुन्या जमान्याची आजीबाई झालीस."

"आणि तू खोक्याचा सेल्समन."

दोघांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही दोघंही बरोबर असाल. मला काय कळतं?" मनोजने ते 'हो' धरलं. क्षितिजा जाताना म्हणाली, "काका, निदान धवल्यांची सीडी काढून ठेवा." पण सीडी लिहिण्याची सोय माझ्यात नव्हती आणि 'उद्या काढून देतो' म्हणणाऱ्या मनोजचा 'उद्या' काही उजाडला नाही.

नवी प्रणाली माझ्यात कोंबली गेली आणि मला धाप लागायला लागली. शिवाय माझी भाषाच बदलली. मास्तरांनी काहीही करायला घेतलं की मी पडदा काळवंडून इंग्रजीत विचारायचो, परवानगी आहे का? घड्याळ लावायचं, परवानगी आहे का? छपाई करायची, परवानगी आहे का? पहिले काही दिवस मास्तर प्रत्येक प्रश्न वाचायचे. शब्दकोश काढायचे, वहीत अर्थ लिहायचे. मग वही मागे पडली. मग चष्मा लावणंही मागे पडलं. पुडीचा कागदसुद्धा वाचणारा तो माणूस माझं काहीच वाचेनासा झाला. त्यांचं बोट आपोआप 'हो'वर जायचं. त्यांना ही सवय लावली ती मी, मित्रांनो. दुसऱ्या कुणावर ढकलायला मला जमत नाही.

गेल्या शनिवारी सकाळी मी जागा कमी पडते म्हणून कुरकुरत होतो. मास्तर ती मोकळी करायला बसले. मी विचारलं, परवानगी आहे का? हो. पुढे जाऊ का? हो. मग मी विचारलं, या भागातली सगळी माहिती पुसली जाईल, पुढे जाऊ का?

तोच आवाज, तीच चौकट, तेच अक्षर. घड्याळ लावताना जसं विचारायचो तसंच विचारलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मला दुसरा आवाजच दिलेला नव्हता.

हो.

त्याच दुपारी क्षितिजा धवले ऐकायला आली. पंधरा दिवसांवर तिचं लग्न आहे. आजींना खुर्चीत बसवून, त्यांच्याच आवाजात ते मांडवात लावायचे ठरले होते. मास्तरांनी फोल्डर शोधला. पुन्हा शोधला. क्षितिजाने एकदा पडद्याकडे पाहिलं आणि झटक्यात माझी वायर उपटली.

"काका, ऐका. पुसलं म्हणजे लगेच जात नाही. आत असतं, फक्त पत्ता हरवतो. पण हा पुन्हा चालू झाला की आपणहून काहीतरी वर लिहीत सुटेल आणि मग खरंच जाईल. पुढच्या शनिवारी ठाण्याहून असं हरवलेलं शोधून काढणारा माणूस आणते, तोपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

आज शुक्रवार. सकाळी वाचनालयाच्या समितीचे लडकूशेठ आले. वार्षिक सभेची यादी छापायची होती. त्यांनी माझी वायर उचलली.

"मास्तर, यो बंद कशाला ठेवलाय? लावू ना?"

मला माहीत होतं मास्तर काय म्हणणार. वर्षभर मीच तर त्यांना शिकवलं होतं.

मास्तर उठले. खुर्ची मागे पडली. ते भिंतीपाशी गेले आणि प्लगच्या जागेवर आपला तळहात ठेवला.

"नाही."

"आरं, एक बटन दाबायला तुजा जीव जातो का?"

"जातो," मास्तर म्हणाले. "मी एकदा न वाचता हो म्हटलंय, शेठ. आता नाही. यादी मी हातानं लिहून देतो. दोनशे नावं लिहितो. पण हा लावायचा नाही."

लडकूशेठ वायर माझ्या डोक्यावर ठेवून निघून गेले. मास्तर खाली बसले, माझ्या डब्यावरच्या हळदीच्या डागाला टेकून, आणि पोरासारखे रडले.

आता ते कागद घेऊन यादी लिहीत बसले आहेत. धवले माझ्या पोटात अजून आहेत का, हे मलाच कळत नाही. बावीस असतील, दोन असतील, एकही नसेल. पत्ता हरवला की घराला स्वतःलासुद्धा आपल्यात कोण राहतं ते कळत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला वापरा, धूळ पुसा. मला तसं म्हणता येत नाही. माझं मागणं एवढंच, की कुणी परवानगी मागितली तर आधी वाचा. आणि तुम्हाला विचारायची वेळ आली तर गोदूआजींसारखं एकदाच विचारा, समोरच्याच्या तोंडाकडे पाहून, उत्तराची वाट बघून.

आणि उद्या सकाळपर्यंत मला कुणी चालू करू नका.