गॅरंटी पहिल्या मालकालाच

उत्तरेश्वरच्या ट्रॅक्टरची गॅरंटी गुरुवारी संपणार होती आणि सोमवारपासूनच त्याच्या पायाला भिंगरी लागली. ताटावर बसायचा, उठून अंगणात जायचा, ट्रॅक्टरकडं बघायचा, परत यायचा. तोवर भाकरी कुत्र्यानं नेलेली असायची. चार दिवसांत कुत्र्याच्या अंगावर चांगलं मांस आलं.

येरमाळ्याच्या शिवारातला तो पहिलाच ट्रॅक्टर. त्रेसष्टच्या दिवाळी पाडव्याला सोलापूरच्या एजंटानं हार घालून दिला होता. कागदावर सहा महिन्यांची गॅरंटी. दोष एकच: इंजिन तापलं की तिसरा गिअर आपोआप सुटायचा आणि ट्रॅक्टर उताराला लागलेल्या बैलासारखा कुणाचं ऐकायचा नाही. ड्रायव्हर गफार गिअरचा दांडा गुडघ्यानं दाबून धरायचा. गुडघा सुजला तेव्हा त्यानं दांडा उपरण्यानं सीटला बांधला. उपरणं फाटलं. एजंटाला चार पत्रं धाडली, चारींना एकच उत्तर आलं, ‘नवी गाडी आहे, रुळेल.’

शेवटी सोमवारी उत्तरेश्वरनं उस्मानाबाद गाठलं. भीमाशंकर वकिलांनी गॅरंटीचा कागद दोनदा वाचला, एकदा उलटा धरूनही पाहिला.

“हे बघा, ज्या कामाला वस्तू घेतली त्या कामाची ती नसली, तर विकणारा जबाबदार. कायदाच आहे तसा.”

“मग लावा दावा.”

“लावू की. दावा मजेत चालेल.”

“आन ट्रॅक्टर?”

“मी दाव्याचं बोललो,” वकील म्हणाले. “म्हणून आधी गॅरंटी वापरा. मुदतीच्या आत एजंटाचा मिस्त्री यायला पाहिजे. त्यानं दोष डोळ्यांनी बघायचा, इंजिनवरचा नंबर बघून उतरवून घ्यायचा, सही करायची. मग गिअरबॉक्स बदलून देणं त्यांच्या गळ्यात. मी आत्ता तारेनं नोटीस धाडतो.”

नंबर म्हणताच उत्तरेश्वर तसाच उठून एस्टीकडं पळाला.

त्याचं असं झालं होतं. पाडव्याला पूजेच्या वेळी त्याच्या आईनं, कडूबाईनं, शेंदूर लावायला जागा शोधली. इंजिनच्या अंगावर एक चौकोनी पत्रा होता, नेमका देवळीएवढा. तिनं तिथं तेल-शेंदूर थापला. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी थापत गेली. सहा महिन्यांत दोन बोटं थर चढला. संक्रांतीला तिनं त्यावर चांदीचे डोळे बसवले. आता ती इंजनआई होती. आळीतल्या बाया ओटी भरून जायच्या, आणि तिच्या पायाशी, म्हणजे डिझेलच्या टाकीवर, नारळ फुटायचे. आणि नंबर होता नेमका त्याच पत्र्यावर.

“गफार, हळूच खरवडून काढ रं,” घरी आल्या आल्या उत्तरेश्वर कुजबुजला.

“म्या?” गफार दोन पावलं मागं सरला. “अण्णा, उतारावर गाडी कोण थांबवतंय वाटलं तुमाला? ब्रेक? या खुदा, मी न्हाय हात लावायचा.”

कडूबाईला विचारायची सोयच नव्हती.

गुरुवारी दुपारी सोलापूरचा मिस्त्री आला. बलभीम त्याचं नाव, खिशाला दोन पेनं, काखेत फॉर्म. पाठोपाठ वकीलही एस्टीनं उतरले. अशिलाच्या गावचं जेवण त्यांना चुकवायचं नव्हतं. बलभीमनं बॉनेटच्या बाजूनं डोकं आत घातलं आणि चांदीच्या डोळ्यांशी त्याची नजरानजर झाली. तो झटकन बाहेर आला.

“नंबर कुठाय?”

“आईच्या पाठीमागं,” गफार म्हणाला.

बलभीमनं पिशवीतून पटाशी काढली. तशी कडूबाई चाकापुढं फतकल मारून बसली. “आदी मला खरवड, मंग तिला.”

“आय, ऊठ की गं! सांजच्याला गॅरंटी संपती!”

“संपू दे. देवाला कसली रं गॅरंटी?”

इथं वकिलांच्या अंगात कायदा आला. “बाईंचं चूक नाही. कायद्याच्या नजरेत देव ही व्यक्तीच असते. देवाच्या नावानं जमीन असते, दावा चालतो. तेव्हा देवीच्या मर्जीशिवाय—”

“थांबा,” बलभीम म्हणाला. त्यानं फॉर्म उलटून बारीक अक्षरावर बोट ठेवलं. “मग गाडी देवीची झाली. गॅरंटी पहिल्या मालकालाच आहे. मालक बदलला की रद्द.”

 उत्तरेश्वरनं वकिलांकडं असं पाहिलं, की त्यांनी जेवणाचा विषय मनातून काढून टाकला.

“मालक मीच हाय!” उत्तरेश्वर ओरडला. “देवी नुसती बसलीया. एस्टीत बसलेला माणूस एस्टीचा मालक असतो व्हय?”

बलभीमला हे पटलं. “बरं. नंबराचं मागून बघू. आधी दोष दाखवा.”

पटाशी पिशवीत गेली तशी कडूबाई चाकापुढनं उठली, आणि बलभीम स्वतः सीटवर चढला. गफारनं ‘टेकाडावरनं चालवा, गाडी लवकर तापती’ एवढंच सांगितलं आणि गुडघा चोळत बाजूला झाला. ट्रॅक्टर टेकाडावर चढला, चार फेऱ्या झाल्या, काही नाही. गिअर शहाण्या जावयासारखा जागच्या जागी. सूर्य बाभळीला टेकला. उत्तरेश्वर पळत ट्रॅक्टरच्या बाजूनं, “सूट की रं, सूट!” म्हणत. अख्ख्या सहा महिन्यांत त्यानं त्या गिअरला एवढ्या मायेनं कधी हाक मारली नव्हती.

पाचव्या फेरीला, उताराच्या तोंडावर, गिअर सुटला.

ट्रॅक्टर बलभीमसकट खाली आला आणि उताराखालच्या शेतात कोंडीरामच्या कडब्याच्या गंजीत कानापर्यंत घुसला. धुरळा बसला तेव्हा पेंढ्यांतून फक्त बलभीमची टोपी दिसत होती. आतून आवाज आला, “जिवंत हाय.”

उत्तरेश्वरनं आधी धावत जाऊन इंजिनवरच्या पेंढ्या उपसल्या. दणक्यानं शेंदराची खोळ डोळ्यांसकट अख्खी निसटून कडब्यावर अलगद पडली होती. पत्र्यावरचा एकूण एक आकडा लखलखत होता.

“हा अपघात आहे,” बलभीम पेंढ्या बाजूला सारत म्हणाला. “अपघाताला गॅरंटी नाही.”

“गाडी कोण चालवत होतं?” वकील एकदम जिवंत झाले. “एजंटाचा नोकर! गंजीची भरपाई, गॅरंटी गेली तरी नवा दावा—”

“वकीलसाहेब, गप बसा,” उत्तरेश्वर म्हणाला. तो ट्रॅक्टरवर चढून बलभीमपुढं बसला आणि फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवला. “मिस्त्री, आदी गिअर सुटला का आदी गंजी आली?”

बलभीमनं उताराकडं पाहिलं. गफार दगडावर बसून सुजलेला गुडघा दाखवत होता.

“गिअर,” तो म्हणाला.

“मंग तेवढं लिवा. मंग उतरा.”

त्यानं दोष लिहिला, नंबर लिहिला, तारीख लिहिली, सही केली. उन्हाची तिरीप अजून मागच्या चाकावर होती. शेरा म्हणून एक रकाना रिकामा उरला.

“नंबर आधी दिसत नव्हता, मग दिसला,” बलभीम पुटपुटला. “याचं कारण काय लिहू?”

कडूबाईनं खोळ पदरात घेतली होती. “तिची मर्जी, म्हून लिव,” ती म्हणाली.

बलभीमनं तसंच लिहिलं. पुढच्या महिन्यात नवा गिअरबॉक्स आला. त्या रकान्याबद्दल कंपनीनं अवाक्षरही काढलं नाही.