दाराची बाहेरची बाजू

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. आतून मी हिरवागार, तेल पाजून चकचकीत. बाहेरून मात्र बरीच वर्षं उघडाबोडका होतो. ही सगळी भिंगवाल्यांची करामत.

भिंगवाले म्हणजे आमचे मालक. चष्म्याच्या काचा घासायचे. मला त्यांनी हौसेने करून घेतलं. काही वर्षांनी काचा घासायला घराच्या मागे एक खोली बांधली आणि त्याच सुमाराला मला नवा रंग दिला. लगेच घरपट्टी वाढली. त्यांनी खापर माझ्यावर फोडलं.

"घर बाहेरून भिकारी दिसलं पाहिजे," म्हणत त्यांनी पत्र्याच्या तुकड्याने माझा रंग खरवडला.

"अहो, लोक काय म्हणतील?" त्यांची बायको, म्हणजे सगळ्या गल्लीची काकू, कळवळली.

"लोक भरणार आहेत का घरपट्टी?"

शेजाऱ्यांनीही ही विद्या उचलली. सगळी गल्ली आजारी दिसू लागली. घरपट्टी मात्र धडधाकट वाढत राहिली.

भिंगवाले गेले. काकू एकट्या उरल्या आणि घरपट्टी झेपेना. शेवटी त्यांनी घर विकायला काढलं. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. पाऊल वाजलं की बिजागऱ्या कुरकुरायच्या: कोण आलं?

एक गिऱ्हाईक आलं. माझ्याकडे बघून त्याने नाक मुरडलं, आत फिरलं आणि म्हणालं, "घर चांगलंय हो काकू. पण एवढी घरपट्टी दरवर्षी मला भरावी लागणार. मग भाव उतरवायला नको?"

"त्या भावात मला खुराडं तरी मिळेल का?"

"ते मी कसं सांगू?"

राहायचं तर घरपट्टी, जायचं तर भाव नाही. काकू उंबऱ्यावर बसून राहायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या.

मग घरपट्टी ठरवायला नगरपालिकेचा मोजणीवाला आला. काकूंनी त्याला मुद्दाम माझ्यासमोर उभं केलं. "बघा बाबा, दाराची काय दशा आहे ती."

"काकू, आम्ही जागा मोजतो. दाराचा रंग कोण बघतं?"

काकू हसत सुटल्या. "अहो, ऐकलंत का?" त्या घराकडे तोंड करून ओरडल्या. मग डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "मागची खोली पाडली तर?"

"घरपट्टी बरीच उतरेल. तुम्हाला झेपेल."

ज्या खोलीत भिंगवाल्यांचं आयुष्य गेलं, तिच्या विटा माझ्यातूनच बाहेर गेल्या. एक घमेलं मला घासलं. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र डबा नि ब्रश घेऊन आल्या आणि माझी बाहेरची बाजू स्वतः रंगवली. घमेल्याचा ओरखडा तेवढा तसाच ठेवला.

मित्रांनो, भीतीपोटी आपल्या घराचं तोंड खरवडू नका. आधी नीट विचारा. आणि जी भिंत उभी आहे, तिला जपा.

मी अजून निर्धास्त नाही. घरपट्टी पुन्हा वाढेल, ठाऊक आहे. पण रंग दिला त्याच दुपारी ते गिऱ्हाईक परत आलं आणि कडी वाजवायला त्याने हात पुढे केला, तेव्हा काकू आतूनच म्हणाल्या,

"हात लावू नका हं. रंग ओला आहे."