फोटोमागची काजळी

नारायणगुड्यातल्या त्या गल्लीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या, पोरं बापाच्या खांद्यावर, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. किशनराव वाघमारे यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान जळून कोळसा झालं होतं. छत काळं, फळ्या काळ्या, कापडाचे तागे काळे. आणि मागच्या काळ्याठिक्कर भिंतीवर निर्ज्वाल महाराजांचा फोटो. चौकट पिवळीधमक, काच लखलखीत, महाराजांच्या गालावरची लाली शाबूत.

"अय्यो देवुडा!" म्हणत एका तेलुगू बाईनं स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतल्या.

"फूल भी नै जला, अम्मा," समोरचा चहावाला तिला सांगत होता. "मैंच देखा." फोटोला हार सकाळी त्याच्याच देखत घातला गेला होता, एवढं सांगायचं तो विसरला.

शेजारचे भांड्यांचे व्यापारी हिम्मतराव गर्दीला रांगेत लावत होते. ते महाराजांचे जुने भक्त. त्यांनीच महाराजांना आणलं होतं, त्यांनीच दानपेटी मांडली होती, आणि 'अग्निरक्षा कवच' नावाचे तांब्याचे पत्रेही त्यांच्याच दुकानातून विकले जात होते.

"अग्नी माझा धाकटा भाऊ," महाराज ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. "मी थांब म्हटलं की थांबतो. या किशननं विमा घेतला. कंपनी कधी येते? जळाल्यावर! मी कधी येतो? जळण्याआधी!"

टाळ्या पडल्या. महाराजही आग विझल्यावरच आले होते, पण हिशेब मांडायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. धाकट्या भावानं फोटोपाशी थांबायच्या आधी अख्खं दुकान का खाल्लं, हेही कुणी विचारलं नाही.

आत दुसराच कारभार चालला होता. राखेच्या पुड्या बांधल्या जात होत्या. जे तागे कडेनं होरपळले पण आतून चांगले होते, ते फाडून 'वस्त्रप्रसाद' म्हणून वाटले जात होते. किशनराव स्टुलावर बसून बघत होते. शाळा उघडायच्या तोंडावरचा सगळा माल आत होता. विम्याची भरपाई मिळाली नाही तर दुकान पुन्हा उभं राहणार नव्हतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अशात माधवी देशपांडे आल्या. विमा कंपनीनं नेमलेल्या सर्व्हेअर. आग कशानं लागली, काय जळलं, काय वाचलं, हे जागेवर पाहून अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम.

"मॅडम, चपला काढा," हिम्मतराव आडवे आले.

"खाली काचा आहेत. तुम्हीही घाला." त्या बुटांसकट आत गेल्या. "हे कापड कोण वाटतंय?"

"प्रसाद आहे तो."

"वाचलेला माल आहे. काका," त्या किशनरावांकडे वळल्या, "कंपनी भरपाई देते ती जेवढं नुकसान झालं तेवढ्याची. जे वाचलं त्याची किंमत त्यातून वजा होते. ते तुम्ही गोदामात ठेवा नाहीतर गल्लीत वाटा, वजा होणारच. ही तुमचीच भरपाई लोक घरी नेतायत."

किशनराव गडबडून उठले. तोवर बराच माल गल्लीबाहेर गेला होता.

माधवीताईंनी टॉर्च मीटरच्या बोर्डावर धरला. तिथून भिंतीवर काळा पट्टा उठला होता, खाली निमुळता आणि वर पंख्यासारखा पसरलेला. "आग इथून वर चढली. वायरिंगमधून. हा अपघात आहे, पॉलिसीत बसतो."

"वायरीत कोण होतं, बाई?" महाराजांनी बाहेरून विचारलं.

"वीज."

कुणीतरी फिसकन हसलं. हिम्मतरावांनी तिकडे डोळे वटारले.

"आता एवढंच सांगा, काका. हा फोटो आगीच्या वेळी इथं होता?"

"होता! लिहून घ्या," हिम्मतराव म्हणाले.

"त्यांना विचारतेय." माधवीताईंनी आवाज खाली आणला. "काका, ही भिंत माझा पुरावा आहे. आगीनंतर कुणी काय हलवलं, काय आणलं, ते मला अहवालात द्यावं लागतं. आणि विमा विश्वासावर चालतो. क्लेममध्ये जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर आग खरी असली तरी कंपनी सगळा क्लेम नाकारू शकते. विचार करून बोला."

किशनरावांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दी त्यांच्याकडेच पाहत होती. ओठ ओले करून ते म्हणाले, "व्हता."

"कामून खोटं बोलायले तुम्ही?" मागून त्यांची बायको भागूबाई पुढं आली. राखेनं कोपरापर्यंत हात माखलेले. "बाई, दुकानात फोटो एकच व्हता, बाबासाहेबांचा. त्यो जळाला. कागद व्हता, जळणारच."

माधवीताईंनी महाराजांचा फोटो दोन्ही हातांनी उचलून खाली घेतला. बाहेर एकच गलका उठला. फोटोच्या मागची भिंत शेजारच्या भिंतीइतकीच काळी होती. त्यांनी बोट फिरवलं, काजळी बोटाला लागली. मग टॉर्च बाजूच्या भिंतीवर गेला. तिथं काळ्या धुरात एक स्वच्छ, फिकट चौकोन होता. खाली जळकी चौकट पडलेली.

"आगीत जी वस्तू भिंतीला टेकून असते, तिच्या मागं धूर पोचत नाही," त्या बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. "बाबासाहेबांचा फोटो इथं होता. बंबाच्या पाण्यानं नंतर पडला, पण त्याची जागा राहिली. महाराजांच्या मागं काजळी आहे. म्हणजे काजळी आधी बसली, महाराज नंतर."

"काजळीही माझीच लीला," महाराज म्हणाले. या वेळी टाळ्या जरा उशिरा आल्या. पण आल्या.

किशनराव खाली मान घालून बोलले, "आग इझल्यावर लावला. हिम्मतराव म्हणाले, पेटीतलं अर्धं तुझं. मी हो म्हणलो, बाई. माझा जबाब बदला."

जबाब बदलला. क्लेम वाचला. गल्लीचा राग मात्र महाराजांवर निघाला नाही. "देवाला पार्टनर करून घेतलं अन् उलटला, बेइमान!" म्हणत लोक किशनरावांवर धावून गेले. त्या गोंधळात महाराजांची गाडी दानपेटीसह निघून गेली.

पुढं कंपनीनं आग मान्य केली, आणि वाटलेल्या कापडाची किंमत वजा केली. भागूबाई ते कापड मागायला शहरातल्याच हिमायतनगरपर्यंत दारोदार फिरली. एका घरी त्याच्या उशीच्या खोळी शिवून झाल्या होत्या. "प्रसाद कुणी परत मागतं का?" म्हणत त्या घरमालकिणीनं दार लावून घेतलं. शाळा उघडल्या तेव्हा किशनरावांच्या दुकानाचं निम्मंच शटर उघडं होतं, कारण माल निम्माच भरता आला होता. शेजारी हिम्मतरावांनी स्वतःच्या दुकानाच्या विम्याचं नूतनीकरण केलं नाही. त्यांच्या दारावर तांब्याचा पत्रा चकाकतो आहे, आणि वायरिंग किशनरावांच्या दुकानाइतकंच जुनं आहे.

विमा आग थांबवत नाही, आणि तसं म्हणतही नाही. तो नियमानं, मोजून, पुरावा पाहून उभं राहायला मदत करतो. जो मोजू देत नाही, पुरावा पाहू देत नाही आणि वर पेटी मांडतो, त्याच्यापासून दूर राहा. जळालेल्या जागी हात जोडण्याआधी राख आहे तशी ठेवा, वायर तपासा, भिंत बघा. तो फोटो उचलायला कसलाही परवाना लागत नव्हता. गल्लीत शेकडो माणसं उभी होती, आणि मागं काय आहे ते पाहावं असं त्यांतल्या एकालाही वाटलं नव्हतं.