गळ्याचं माप

सुनेनं खोका कमरेइतका उंच धरला, डोळे गच्च मिटले आणि सोडून दिला. फरशीवर धप्पकन आवाज झाला. त्याच्या पाठोपाठ खोक्याच्या आतून एक बारीक कच्च. तिनं डोळे उघडले नाहीत, कारण उघडायची गरजच नव्हती. चाचणीसाठी बाटलीत पाणी भरलेलं होतं आणि ते आता तिच्या चपलेखाली येत होतं.

हा तिसरा खोका. तिन्ही बाटल्या एकाच जागी फुटल्या होत्या, गळ्याशी.

"फुटली?" खिडकीजवळच्या टेबलावरून सासऱ्यांनी विचारलं.

"फुटली," ती म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

घराच्या मागच्या अंगाला त्यांची नासपतीची दारू गाळायची छोटीशी भट्टी होती. एका घाण्याला तीनशे बाटल्या, त्याहून एकही जास्त नाही. नातेवाइकांत या धंद्याला 'फळप्रक्रिया' म्हणायची पद्धत होती, आणि नाक मुरडणारे तेच नातेवाईक परत जाताना पिशवीत 'थोडी फळं' मागून नेत. दारू गाळायचं काम नवऱ्याचं. बुचावर लाख चढवायचं काम सासऱ्यांचं, गेली तीस वर्षं. लेबलं, खोकी, गिऱ्हाइकं आणि घरातल्या सगळ्यांची मनं सांभाळायचं काम सुनेचं.

आज चार वाजता एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई येणार होत्या. त्यांच्या दुकानात तोच माल लागायचा ज्याचं वेष्टन एकतर परत येतं नाहीतर कुजून मातीत जातं. थर्माकोल चालणार नव्हता, प्लास्टिक चालणार नव्हतं. रिकाम्या बाटल्या परत आणून, धुऊन पुन्हा भरायच्या होत्या. शिवाय बाई खोका स्वतःच्या हातानं जमिनीवर टाकून बघतात, अशी त्यांची ख्याती होती.

सुनेनं यासाठी सहा महिने घातले होते. दारू गाळल्यावर उरणारा नासपतीचा चोथा आणि रद्दी कागद एकत्र भिजवून त्याचा लगदा करायचा, साच्यात दाबायचा, उन्हात वाळवायचा. अंड्यांच्या ट्रेसारखे दोन अर्धे भाग तयार होत. त्यांच्या मधोमध बाटली पाळण्यातल्या बाळासारखी झोपे. दारू संपली की लगदा कुंडीत पुरून टाका. पहिला नमुना हातात आला तेव्हा तिनं तो रात्री जेवणाच्या टेबलावर ठेवला होता आणि नवऱ्यानं त्याचा वास घेऊन "खायचा नाही ना?" असं विचारल्यावर दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

सगळं जमलं होतं. अडचण एकच होती, ती लाखेची. लाख लागलेली बाटली धुवायला घेतली की तुकडे यंत्रात अडकत. म्हणजे लाख बंद करायला हवी होती. आणि लाख म्हणजे सासरे.

एकेकाळी त्यांचा हात असा होता की बाटली उलटी करून गरम लाखेत बुडवायची, एक गिरकी द्यायची, वर काढायची, आणि एक थेंब ओघळायचा नाही. दोन वर्षांपासून तो हात थरथरायला लागला. ओघळ यायला लागले. ओघळ झाकायला ते बाटली दुसऱ्यांदा बुडवत, दुसऱ्याचे ओघळ झाकायला तिसऱ्यांदा. बाटल्या कानटोपी घातल्यासारख्या दिसू लागल्या. घरात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. ते रोज नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून टेबलाशी येऊन बसत. त्या पेनानं काही लिहायचं नसे. लाख गेली तर ते कशासाठी येणार, हा प्रश्न सुनेला महिनाभर झोपू देत नव्हता. वडील गेल्यापासून तिला तेच वडिलांसारखे होते, आणि त्यांच्या हातातलं काम तिनंच काढून घ्यायचं होतं.

नवऱ्यानं हात झटकले होते. तुझं ऐकतात ते, तूच सांग, असं म्हणून तो भट्टीच्या मागे दिसेनासा झाला होता. सासूबाईंचा सल्ला सरळ होता. सांगून टाक, फार तर चार दिवस रुसून जेवणार नाहीत, मला तेवढीच सुट्टी. पण सुनेची जीभ रेटत नव्हती. दर वेळी ती सांगायला म्हणून जायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायची.

फरशी पुसून तिनं रिकाम्या लगद्यात नवी, बिनलाखेची बाटली ठेवून पाहिली. बाटली बुडाशी घट्ट बसली. गळ्याशी मात्र करंगळी सहज आत जात होती. मग तिनं फळीवरची जुनी, लाख लावलेली बाटली आणून ठेवली. ती अशी बसली की हलायचं नाव नाही.

सून तिथंच स्टुलावर बसली. साच्यासाठी तिनं माप घेतलं होतं ते फळीवरच्या बाटलीचं. लाखेसकट. लाख काढून टाकायची म्हणून जो साचा केला, त्याचं माप तिनं लाख लावलेल्या बाटलीवर घेतलं होतं. आपल्या पायावर आपणच धोंडा मारून घ्यायचा तो तरी किती मन लावून! कोपऱ्यात त्याच मापाचे तीनशे लगदे रचून ठेवले होते. तिनं साचेवाल्याला फोन लावला. तो कामात होता. गळा सैल झालाय, साचा दुरुस्त करावा लागेल, एवढा निरोप तिनं हळू आवाजात ठेवला.

मग ती टेबलाशी गेली. आता टाळण्यात अर्थ नव्हता.

"बाबा, एक सांगायचं राहिलंय."

"लाख बंद होणार, तेच ना?"

सासरे टेबलाच्या खणात काहीतरी शोधत होते. तिचा आराखडा महिनाभर याच टेबलावर पडला होता, ते म्हणाले, आणि त्यांना वाचता येत होतं. म्हणजे महिनाभर दोघांचीही अळीमिळी गुपचिळी चालली होती.

त्यांनी खणातून सुती दोऱ्याचं रीळ काढलं, एक बाटली गुडघ्यांत धरली आणि गळ्याभोवती दोरा गुंडाळायला सुरुवात केली. बोटं थरथरत होती. पण गरम लाखेसारखा दोरा ओघळत नव्हता. हात हलला तरी वेढा आधीच्या वेढ्याला टेकून गप्प बसत होता. एकोणीस वेढे झाले. गाठ मारायला मात्र खूप वेळ लागला. दोरा दोनदा निसटला. मदत करायला आपले हात पुढे जाऊ नयेत म्हणून सुनेनं ते मांडीखाली दाबून धरले.

"कात्रीनं कापला की बाटली मोकळी," ते म्हणाले. "दोरापण कुंडीत जाईल. टाक आता."

तिनं खोका सोडला. मग कोपऱ्यावर सोडला, मग दुसऱ्या कोपऱ्यावर, मग उलटा. सहाव्या खेपेला तिनं डोळेही मिटले नाहीत. उघडून पाहिलं तर बाटली जशीच्या तशी.

ती हसून काही बोलणार होती, पण सासऱ्यांचा चेहरा बघून थांबली.

"तू माप घेत होतीस तेव्हा मी इथंच होतो," ते म्हणाले. "लाखेसकट घेतेयस, हे दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, साचा त्या मापाचा झाला की लाख ठेवावीच लागेल." त्यांनी रीळ हातात फिरवलं. "वाईट वागलो मी. तुझे सहा महिने होते त्यात."

सुनेला राग आला. खरोखर आला. तीन फुटक्या बाटल्या, आजचा दिवस, दुकानाच्या बाई, आणि हे मूग गिळून बसले होते. मग तिला आठवलं की आपणही महिनाभर याच माणसासमोर हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. राग आला तसा ओसरला. मागे उरलं ते फक्त त्यांच्याबद्दलचं प्रेम, आणि ते कसं दाखवायचं हे काही तिला सुचेना.

तेवढ्यात फोन वाजला. साचेवाला होता. निरोप मिळाला, म्हणाला, काळजीचं कारण नाही. साच्याच्या गळ्याशी धातूचं कडं बसवलं की सैलपणा जाईल, अर्ध्या दिवसाचं काम. माणूस आत्ताच पाठवू का?

सुनेनं टेबलाकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान वर केली नव्हती, पण दोरा गुंडाळणारा हात मध्येच थांबला होता.

"नको," ती म्हणाली. "माझंच बघण्यात चुकलं होतं. माप अगदी बरोबर आहे. पुढचे तीनशेसुद्धा त्याच मापाचे करायचेत."