दोन दारांचा तंबू

मृणालिनीबाईंचं म्हणणं असं, की आपला नवरा १९५३ साली कोरियात तटस्थ झाला तो आजतागायत तटस्थच आहे. लेकीच्या, अनुयाच्या लग्नात तटस्थ, पडद्यांच्या रंगातही तटस्थ. शरदचंद्र यावर नुसते हसत, आणि त्या हसण्यातही बाजू घेत नसत.

२००३ च्या ऑगस्टात एका मंगळवारी, त्यांच्या टोरोंटोच्या कॉन्डोत सातव्या मजल्यावर राहणारे मिस्टर हान चहाला आले. हान पूर्वी पियानो दुरुस्त करत, आता निवृत्त. युद्धात त्यांचा थोरला भाऊ उत्तर कोरियात अडकला होता. तो पन्नास वर्षांनी सापडला, तोही अंथरुणाला खिळलेला. इथल्या कोरियन मंडळींचा एक गट सप्टेंबरात तिकडे निघाला होता. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. पण हान यांच्या वडिलांना उत्तरेच्याच सैनिकांनी मारलेलं. सोलची बहीण फोनवर म्हणाली होती, त्या देशात पाय ठेवलास तर मला बहीण म्हणू नकोस.

“तुम्ही काय केलं असतं?” हाननी विचारलं.

“तुमचंही बरोबर आहे, बहिणीचंही,” शरदचंद्र म्हणाले.

हाननी वाकून नमस्कार केला, फॉर्म उचलला आणि ते गेले.

“अहो, ते अ‍ॅडव्हाइस मागायला आले होते, रेफरी शोधायला नाही,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

शरदचंद्रांचा चहा निवून गेला. बाविसाव्या वर्षी ते तटस्थ भारतीय फौजेबरोबर कोरियात युद्धकैद्यांवर पहारा करायला गेले होते. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्याला एका तंबूत आणत. त्याच्या देशाचे अधिकारी त्याची समजूत घालत. मग त्याने दोनपैकी एका दाराने बाहेर पडायचं: एक घराकडे नेणारं, दुसरं परत छावणीत. एकदा एक कैदी मधोमध थबकला आणि त्याने पहाऱ्यावरच्या शरदचंद्रांकडे पाहिलं. काहीही सुचवायचं नाही असा कडक हुकूम होता. शरदचंद्रांनी तंबूच्या खांबाकडे पाहिलं. तो छावणीच्या दाराने गेला आणि बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

तो हुकूम रास्त होता, हे त्यांना आजही पटत होतं. पण आज कुणाचा हुकूम होता? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पायात घरातल्याच सपाता, तसेच ते लिफ्टने सातव्या मजल्यावर गेले. हाननी दार उघडलं. आत टेबलावर फॉर्म उपडा पडला होता.

“जा तुम्ही,” शरदचंद्र दारातच म्हणाले. “बहिणीचा राग निवेल. भाऊ तोवर थांबणार नाही.”

“आणि नाही निवला तर?”

“तर तिला सांगा, एका म्हाताऱ्या भारतीयाने सांगितलं म्हणून गेलो. तिचे बोल मी ऐकून घेईन.”

हान त्यांना आत घेऊन टेबलाकडे गेले. मग त्यांनी फॉर्म सुलटा केला आणि सही केली. खाली साक्षीदाराची ओळ रिकामी होती. त्यांनी पेन दोन्ही हातांनी पुढे केलं. शरदचंद्रांनीही ते दोन्ही हातांनी घेतलं, सही केली, आणि एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहून दिला, बहिणीसाठी.