दुसरं टोक

पट्टीवरचा शेवटचा चौकोन तेवढा खरा पांढरा, त्याच्या आधीचा नाही — पण हे गिऱ्हाइकांना कधी पटायचं नाही. 'पांढराच की हो ताई,' ती म्हणायची, आणि मग ही रंगांची पट्टी त्यांच्याच कॉलरला लावून दाखवली, की गिऱ्हाइकं गप्प व्हायची. आता तीच पट्टी हॉस्पिटलच्या ढगळ गाउनच्या खिशात होती, कोपरे दुमडलेली, आणि पलंगाच्या कडेला बसून ती एकेका चौकोनावरून अंगठा फिरवत होती. काल शुद्धीवर नीट आल्यावर आईकडून तिनं पहिलं काय मागून घेतलं असेल, तर हे. आईनं कपाळाला हात लावला होता.

रंगांच्या दुकानात ती रंग जुळवायची. कुणी भिंतीचा पोपडा आणायचं, कुणी जुन्या दाराची ढलपी, आणि ती थेंब थेंब टाकत हुबेहूब तोच रंग काढून द्यायची. म्हणून बाबांच्या डोळ्यांतला पिवळा पहिल्यांदा तिलाच दिसला. आई म्हणाली, दिव्याचा उजेड पडलाय. बाबा म्हणाले, तुला काय, सगळीकडे रंगच दिसतात... पण उजेडाचा पिवळा मान वळवली की सरकतो. हा जागचा हलत नव्हता. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की बाबांचं लिव्हर संपल्यात जमा आहे, कुणीतरी आपल्यातला तुकडा द्यायला हवा, आणि तपासण्यांनंतर तिच्याकडे बघून ते म्हणाले, "तुमचं जुळतंय." तिला तेव्हा हसूच आलं होतं.

"दोघं एकदम आडवे झालात," आई तिच्या पाठीला हात देत म्हणाली, "मी कुणाच्या उशाशी बसू? हळू ऊठ. काही उचलायचं नाही, सांगितलंय ना सिस्टरनी? पाण्याची बाटलीसुद्धा नाही."

"बाबांना थोडीच उचलणार आहे मी?"

"तुझा काही नेम नाही."

पोटावरच्या टाक्यांवर तळहात दाबून ती लांबलचक व्हरांड्यातून निघाली. बाबांची खोली पार त्या टोकाला. एकेक पाऊल टाकताना तिला वाटत होतं, मी इथून चाललेय आणि तिकडे मीच आधी जाऊन पोचलेय. काय विलक्षण आहे हे! जन्मभर बरगड्यांखालच्या अंधारात पडून असलेला आपला एक तुकडा — ज्याची आपल्याला एकदासुद्धा आठवण झाली नाही, ज्यानं आपली चोरून खाल्लेली चॉकलेटं मुकाट पचवली — तो आज दुसऱ्याच माणसाच्या आत, दुसऱ्याच रक्तात, न रुसता कामाला लागलाय. आणि डॉक्टर म्हणतात, इथे उरलेलं वाढून जागा भरून काढेल, तिथलंही वाढेल. त्याला कोण सांगणार, किती वाढायचं ते? माझ्या हातून तर कुंडीतलं रोपसुद्धा कधी धड वाढलं नाही...

पण वाढेल, ते त्या शरीरानं ठेवून घेतलं तर. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. "शरीर परकं ओळखतं आणि हाकलायला बघतं. औषधांनी समजूत काढत राहायची. इतक्यात काही सांगता येणार नाही."

आणि ते शरीर कुणाचं, तर बाबांचं! — ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं काही घेतलं नाही. शेजाऱ्यांनी खुर्ची दिली, तर पाहुणे धड उठायच्या आत ती परत पोचलेली असायची. सुतारकाम सगळं एकट्यानं. कपाटं पाठीवर घेऊन जिने चढायचे. ती लहान असताना एकदा लांब फळी कापायला घेतली होती त्यांनी, पलीकडचं टोक हवेत हलत होतं, आणि ती धावत जाऊन ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. बाबांनी करवत थांबवली. "सोड. बाजूला हो." रागावले नव्हते, पण तिनं पुन्हा कधी टोक धरलं नाही... तिचा तुकडा घ्यायचा म्हटल्यावरही ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "तुझं तुझ्याकडे असू दे." शेवटी आई म्हणाली, नको तर नको, फक्त मी मागे कशी राहू ते तेवढं सांगा. तेव्हा त्यांनी मान हलवली. पण मान हलवली ती वरच्या माणसानं. आतला माणूस मानला का, हे कोण सांगणार? तोच हट्टी, तोच पाहुणे उठायच्या आत खुर्ची परत करणारा... तिला भीती वाटत होती ती त्याची.

हात धुऊन, तोंडाला मास्क लावून ती आत गेली. बाबा नळ्यांच्या जाळ्यात डोळे मिटून पडले होते. ती स्टुलावर बसली आणि मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिली. गिऱ्हाइकांना ती नेहमी बजावायची, ओल्या रंगावरून काही ठरवू नका, सुकू दे. आज तिलाच दम धरवत नव्हता.

पापण्या उघडल्या.

बुबुळाच्या कडेला अजून फिकट झाक होती, कोपऱ्यात थोडी जास्त. पण पांढऱ्यातला तो साचलेला पिवळा उतरला होता. रंगात रंग घालता येतो. घातलेला काढता येत नाही. इतकी वर्षं डबे ढवळून तिला कळलेली ही एकच पक्की गोष्ट. एक थेंब जास्त पडला, तर अख्खा डबा वाया. आणि इथे कुणीतरी त्या डोळ्यांतून पिवळा थेंब थेंब काढून घेत होतं. कुणीतरी म्हणजे... तिला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना. स्वतःच्याच तुकड्याला?

"दुखतंय?" बाबांनी विचारलं. आवाज घोगरा.

"थोडं. तुम्हाला?"

"मला काय झालंय."

खिशातली पट्टी बोटांना लागली. त्या कोपऱ्यातल्या रंगाशी धरून बघावी, नक्की कळेल... तिनं हात बाहेर काढला, रिकामाच.

बाबांच्या अंगावरची चादर चुरगळून एका बाजूला गोळा झाली होती. ते ती नीट करायला धडपडत होते. वाकडं काही त्यांना सहन व्हायचं नाही. सुई टोचलेला हात पुरत नव्हता. ती सवयीनं पुढे झाली आणि सवयीनंच थांबली. ते आता म्हणतील...

बाबांनी तिच्या अर्ध्यात अडलेल्या हाताकडे बघितलं.

"ते टोक धर," ते म्हणाले.

तिनं धरलं.

"ओढू नकोस, टाके आहेत तुला. नुसतं धर. मी ओढतो."

त्यांनी आपल्या बाजूनं चादर ओढली. त्यांची ओढ कापडातून तिच्या बोटांत येत होती. सुरकुत्या एकेक करून निघून गेल्या. चादर दोघांच्या मध्ये सरळ, ताणलेली.

"सोडू?" तिनं विचारलं.

"थांब."

उद्या सकाळी पुन्हा रक्त घेतील, दुपारी डॉक्टर येतील, काय म्हणतील ते म्हणोत. बाबांनी डोळे मिटले होते, पण मूठ सैल केली नव्हती. तिला त्या डोळ्यांतला रंग आता बघायचा नव्हता. टाके ठणकत होते, तरी ती आपलं टोक धरून बसून राहिली.